कुठली गिनी?

मागच्या अंकात कामसार बंदरातल्या एका रात्रीबद्दल लिहिताना मी 'गिनीत असताना' एवढंच लिहून पुढे गेलो होतो. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: कुठली गिनी? प्रश्न रास्त आहे आणि माझ्या फार जवळचा आहे. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्या एका नावासाठी.

काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गिनी, गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी आणि पापुआ न्यू गिनी हे चार देश मी कितीही पाठ केले तरी त्यांची सरमिसळ होते. हे चारही आधी एकच देश होते का? मग चौथा इतक्या लांब कसा?
– एक विद्यार्थिनी, परभणी

बाळ, ही सरमिसळ साधी समजू नकोस. तिच्यामुळे माझे आजोबा गेल्याचं मला सात महिने कळलं नव्हतं.

१९८३ ची गोष्ट. मी एका मालवाहू जहाजावर चौथा इंजिनिअर होतो आणि आम्ही बॉक्साइट भरायला कामसारला निघालो होतो. कामसार हे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाचं बंदर. घरून निघताना तिथल्या एजंटाचा पत्ता मी एका चिठ्ठीवर लिहून आईकडे दिला होता. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. आईला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि शाळेतले गुरुजी लिहायचे. आजोबा गेले तेव्हाही तिने गुरुजींकडूनच पत्र लिहवून घेतलं. पाकिटावर पत्ता घालण्याआधी खात्री करावी म्हणून गुरुजींनी शाळेतलं नकाशाचं पुस्तक उघडलं. त्यात कामसार नव्हतं. गिनी म्हणून सगळ्यात मोठं आणि ठळक दिसत होतं ते ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचं न्यू गिनी, आणि त्यात पोर्ट मोर्सबी. पोरगा जहाजावर आहे म्हणजे पोर्टातच असणार. गुरुजींनी जीव लावून, सुवाच्य अक्षरात पत्ता 'दुरुस्त' केला.

पत्र पोर्ट मोर्सबीला गेलं, तिथे पडून राहिलं आणि परत गावी आलं. मधल्या काळात मी दर पत्राच्या शेवटी 'आजोबांना साष्टांग नमस्कार' लिहीत होतो. गुरुजींनी ते वाचून दाखवलं तेव्हाच आईला कळलं की आपलं पत्र पोचलेलं नाही. पण एवढ्या लांब, एकट्या पोराला पुन्हा कशाला कळवायचं, आला की सांगू, असं तिने ठरवलं. मला ते उंबऱ्यावर कळलं. पोर्ट मोर्सबीचा शिक्का असलेलं ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

आता तुझा प्रश्न. हे चार देश कधीच एक नव्हते. एक होतं ते फक्त नाव, आणि ते बाहेरच्यांनी ठेवलेलं.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली. सेनेगल नदीच्या अलीकडे त्यांना वाळवंटातले सान्हाजा लोक भेटले आणि नदीपलीकडे काळ्या वर्णाची माणसं. त्या पलीकडच्यांना १४५३ सालच्या एका पोर्तुगीज बखरीत 'गिनेउस' म्हटलं आहे. हा शब्द बहुधा उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांकडून उचललेला. काळ्या माणसाला ते 'अगिनाव' म्हणत. म्हणजे शब्द बर्बरांचा, तो नकाशावर चढवणारे पोर्तुगीज, आणि ज्यांच्यावर तो चिकटला ते वोलोफ, सेरेर, मांदिंका, फुला, सुसू असे कितीतरी समाज आपापल्या नावाने कधीचे नांदत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे पिंपळगावं किती आहेत बघ. वडगाव म्हणशील तर बुद्रुक-खुर्द लावल्याशिवाय एसटीचं तिकीटसुद्धा मिळायचं नाही. पण त्या प्रत्येक पिंपळगावाच्या लोकांनी आपल्या वेशीतला पिंपळ बघून ते नाव ठेवलं आहे. गिनीचं तसं नाही. जहाजाच्या डेकवरून किनारा कसा दिसला, त्यावरून ते नाव पडलं. मीही आयुष्यभर डेकवरूनच किनारे पाहिले, आणि तिथून माणसांच्या आकृत्या दिसतात, नावं दिसत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढे युरोपच्या सत्तांनी या लांबलचक किनाऱ्याचे तुकडे पाडले. एक फ्रान्सकडे, एक पोर्तुगालकडे, एक स्पेनकडे. तिघांनीही आपापल्या तुकड्याला गिनीच म्हटलं: फ्रेंच गिनी, पोर्तुगीज गिनी, स्पॅनिश गिनी. इंग्रजांच्या वसाहतींची नावं वेगळी होती, म्हणून आजच्या घानाच्या वाट्याला हे नाव आलं नाही. स्वातंत्र्य मिळताना मालकांची विशेषणं गळाली, नाम राहिलं.

पहिली सुटली ती फ्रेंच गिनी. २८ सप्टेंबर १९५८ ला फ्रान्सचे नेते द गॉल यांनी सगळ्या फ्रेंच वसाहतींना मत विचारलं: फ्रान्सच्या समूहात राहायचं की वेगळं व्हायचं? आफ्रिकेतल्या वसाहतींपैकी एकट्या गिनीने 'नाही' म्हटलं, आणि २ ऑक्टोबरला अहमद सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखाली हा देश स्वतंत्र झाला. कामसारच्या धक्क्यावरचा आमचा मुकादम तेव्हा लहान पोर होता. फ्रेंच अधिकारी जाताना कचेरीतले टेलिफोनसुद्धा उपटून घेऊन गेले, असं तो सांगायचा. सांगताना भिंतीतून तार ओढल्यासारखा हात करायचा. त्याची मातृभाषा सुसू. सुसूत बाईला 'गिने' म्हणतात. पहिल्या गोऱ्या खलाशाने किनाऱ्यावरच्या बायकांना 'हा कुठला मुलूख?' असं विचारलं, त्यांनी 'आम्ही बायका आहोत, पुरुषांना विचार' असं सांगितलं, आणि त्याने 'गिने' हेच देशाचं नाव म्हणून लिहून घेतलं, अशी गोष्ट तिथे घरोघर सांगतात. नाव त्याआधीचं आहे, त्यामुळे इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. मला मात्र ती आवडते. बाहेरून आलेल्या शब्दाला लोकांनी आपल्या भाषेत जागा करून दिली आहे.

त्याच देशातल्या फुता जालोन डोंगरांत पुलार बोलतात, पूर्वेकडे मालिंके. कांकान भागातल्या सोलोमाना कांते यांनी १९४९ साली मालिंके आणि तिच्या बहिणी-भाषांसाठी 'न्को' नावाची स्वतंत्र लिपी तयार केली. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी बारी आडनावाच्या दोन शाळकरी भावांनी पुलारसाठी 'अदलाम' ही लिपी घरी बसून रचली, आणि आज ती मोबाइलवर चालते. फ्रेंच ही कचेरीची भाषा, हे तुझ्या पुस्तकात असेलच. या दोन लिप्या पुस्तकात नसतील. त्या मुद्दाम लक्षात ठेव. नायजर नदीचा उगमही याच देशात.

आणि तिथली माती! कामसारला पहिल्यांदा उतरलो तेव्हा बूट लाल झाले. राधानगरीच्या रस्त्यावर जशी जांभ्याची लाल धूळ उडते तशीच. बॉक्साइट अशाच मातीत असतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. पण जगातला सगळ्यात मोठा साठा गिनीत आहे.

इक्वेटोरियल गिनी ही स्पेनची. १७७८ साली पोर्तुगालने तिथली बेटं आणि किनाऱ्यावरचे हक्क स्पेनला देऊन टाकले, आणि १२ ऑक्टोबर १९६८ ला देश स्वतंत्र झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला स्पॅनिश ही राजभाषा असलेला हा एकच देश. घरात फांग बोलतात, बियोको बेटावर बुबी. वर्षानुवर्षं राजधानी असलेलं मलाबो शहर याच बेटावर आहे. मुख्य भूमीवर नवी राजधानीही उभारली आहे, तेव्हा राजधानीसाठी ताजं पुस्तक बघ. एक गंमत सांगतो: नाव विषुववृत्ताचं, पण विषुववृत्त या देशाच्या जमिनीवरून जात नाही. मुख्य भूमी त्याच्या उत्तरेला आहे, अन्नोबोन नावाचं छोटं बेट दक्षिणेला, आणि रेषा मधल्या पाण्यातून जाते. गिनी-बिसाऊबद्दल खाली वेंगुर्ल्याच्या पत्राला लिहिलं आहे.

राहिली ती लांबची. १५४५ साली इनिगो ओर्तिझ दे रेतेझ हा स्पॅनिश दर्यावर्दी मसाल्याच्या बेटांवरून मेक्सिकोला परतायची वाट शोधत होता. वाटेत त्याला एक प्रचंड बेट लागलं. तिथली माणसं त्याला आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्यावरच्या माणसांसारखी दिसली, म्हणून त्याने त्या बेटाचं नाव 'नुएवा गिनेआ', नवी गिनी, असं ठेवलं. कातडीच्या रंगावरून! एवढ्या एका नजरेमुळे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या लोकांना, ज्यांचा आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याशी काडीचा संबंध नव्हता, त्या किनाऱ्याचं नाव मिळालं, आणि साडेचारशे वर्षांनी आमच्या गुरुजींची फसगत झाली.

त्या बेटाचा पश्चिम अर्धा भाग आज इंडोनेशियात आहे. पूर्वेकडचा अर्धा १६ सप्टेंबर १९७५ ला पापुआ न्यू गिनी म्हणून स्वतंत्र झाला. जोडनाव का? दक्षिणेकडच्या ब्रिटिश भागाला पापुआ म्हणत आणि उत्तरेकडच्या जर्मन भागाला न्यू गिनी. नंतर दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आले आणि दोन्ही नावं एकत्र बांधली गेली. या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत. १९९१ साली सुकं खोबरं भरायला आम्ही लाए बंदरात होतो. तिथे 'तोक पिसिन' ही सगळ्यांना जोडणारी बोली कानावर पडली. तिच्यात 'वानतोक' असा शब्द आहे. मूळ अर्थ 'एक बोली', म्हणजे आपली भाषा बोलणारा तो आपला माणूस. अडीनडीला वानतोकाने वानतोकाला घरात घ्यायचं, ही तिथली रीत. धक्क्यावरच्या एकाने मला विचारलं, 'यू बिलाँग वे?' तू कुठला? मी सांगितलं. मग मी त्याला विचारलं. त्याने देशाचं नाव घेतलं नाही, आपल्या दरीचं नाव सांगितलं.

परीक्षेसाठी एवढं कर: प्रत्येक गिनीसमोर राजधानीच्या आधी तिथली एक घरची भाषा लिही. सुसू, क्रिओल, फांग, तोक पिसिन. राजधान्या आपोआप जागेवर बसतील.

माझ्या सासूबाईंनी मला त्यांची सोन्याची गिनी दिली. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. या गिनीचा त्या देशाशी काही संबंध आहे का?
– एक गृहिणी, कोल्हापूर

ताई, नावाचा संबंध थेट आहे. पण तुमच्या हातातलं नाणं बहुधा गिनी नाही.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६३ साली सोन्याचं एक नवं नाणं पाडायला सुरुवात केली. त्यासाठीचं बरंचसं सोनं आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून यायचं, म्हणून लोक त्या नाण्यालाच गिनी म्हणू लागले. सोनं आणणाऱ्या कंपनीची खूण म्हणून काही नाण्यांवर राजाच्या डोक्याखाली लहानसा हत्ती असे. त्याच कंपनीची जहाजं त्याच किनाऱ्यावरून माणसं भरून विकायलाही नेत. हे नाणं हातात घेताना मला तो हत्ती आधी दिसतो. आणि हा चार्ल्स म्हणजे तोच, ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना आपली मुंबई आंदणात मिळाली.

गिनीची किंमत १७१७ साली २१ शिलिंग ठरली, म्हणजे पौंडाला वर एक शिलिंग. १८१७ पासून तिची जागा सॉव्हरिन या नाण्याने घेतली. तरी इंग्लंडात डॉक्टर-वकिलांची फी आणि घोड्यांच्या किमती पुढे दीडशे वर्षं गिनीतच सांगत. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या 'गिनीज' शर्यतींना ते नाव तिथूनच आलं. आपल्याकडे सॉव्हरिन आलं, पण लोकांच्या तोंडात नाव गिनीच राहिलं. घोडेस्वार आहे म्हणजे तुमचं नाणं सॉव्हरिन. साधारण आठ ग्रॅम, २२ कॅरेट.

एक काम करा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या जरा वर, भिंगातून बघा. तिथे इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल आणि साल १९१८ असेल, तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे. सॉव्हरिन मुंबईत त्या एकाच सालात पाडलं गेलं. तसं निघालं तर मोडू नका.

आमच्याकडे बांधावर गिनी गवत आहे. दुकानदार म्हणतो परदेशी आहे. खरंच तिकडचं का?
– एक शेतकरी, सांगोला

होय दादा, खरंच तिकडचं. हे गवत मूळ आफ्रिकेतलं. अठराव्या शतकात ते वेस्ट इंडीजला पोचलं आणि तिथून जगभर पसरलं. बाकी गिनी नावाच्या वस्तूंत हे नाव त्यातल्या त्यात खरं बोलतं. सावलीतही तग धरतं, म्हणून बागेत झाडांच्या ओळींमध्ये लावता येतं. ठोंबं लावताना पाणी साचणारी जागा टाळा. दुभत्या जनावरांना एकटं गिनी घालू नका, जोडीला लसूणघास किंवा चवळी असू द्या. गिनी पिग मात्र ना गिनीचा ना डुकरांतला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, पेरूमध्ये लोक त्याला घरात पाळतात आणि खातात.

क्रिकेटपटू क्लाइव्ह लॉइड गयानाचे. गयाना म्हणजेच गिनी का?
– एक वाचक, ठाणे

नाही. गयाना दक्षिण अमेरिकेत आहे आणि तिचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे. उच्चार जवळचे, नातं काही नाही.

मी आरोग्य खात्यात नारू निर्मूलनाच्या कामावर होतो. इंग्रजी कागदांत नारूला 'गिनी वर्म' लिहिलेलं असे. आमच्या गावच्या रोगाला हे नाव कुणी दिलं?
– निवृत्त आरोग्यसेवक, धाराशिव

आपलं पत्र वाचून मला आधी आपल्याला नमस्कार करावासा वाटला. माझ्या आजोबांच्या उजव्या घोट्याला नारूचा व्रण होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. कातडी तिथे गुळगुळीत आणि चकचकीत झाली होती. गावची बारव पायऱ्यांची. लोक पाण्यात पाय घालून घागर भरत. ज्याच्या पायातून नारूचं तोंड बाहेर आलेलं असे त्याचाही पाय त्याच पाण्यात जाई, अळ्या पाण्यात सुटत, डोळ्याला धड न दिसणाऱ्या किड्यांच्या पोटात त्या वाढत, आणि तेच पाणी सगळं गाव पीत असे. साधारण वर्षभराने पायाला फोड येई आणि आग आग होई. मग हातभराहून लांब दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोनमहिने अंथरुणाला. आजोबांचा तुटला होता. त्या वर्षी पेरणी आजीने केली.

हे आपल्याला मी सांगायला नको. पण तरुण वाचकांनी नारू पाहिलेला नाही, आणि तो त्यांना पाहावा लागला नाही याचं श्रेय आपल्यासारख्यांना आहे, म्हणून लिहिलं.

नावाचं असं. युरोपच्या दर्यावर्द्यांनी हा जंत गिनी किनाऱ्यावरच्या माणसांच्या पायात पाहिला आणि त्याला गिनीचा जंत म्हटलं. अरबी-फारसी वैद्यकात तो त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. त्या काळचा नामांकित हकीम इब्न सीना याने त्याला मदिनेची शीर म्हटलं. म्हणून शास्त्रीय नावात 'मेडिनेन्सिस' आलं. म्हणजे एका जंताच्या नावात एका बाजूला गिनी, दुसऱ्या बाजूला मदिना, आणि तो निघायचा आमच्या बीडच्या बारवेत. ज्याने जिथे पहिल्यांदा पाहिला तिथला पत्ता त्याने त्याला चिकटवला. अशा नावाचा तोटा असा की रोग 'त्यांचा' वाटू लागतो. माझ्या जहाजावरच्या एका सहकाऱ्याने कामसारला पाणी प्यायचं नाकारलं, 'इथे गिनी वर्म असतो' म्हणून. मी त्याला माझ्या आजोबांचा पाय सांगितला.

आपण मात्र त्याला नारूच म्हटलं. मला हे नाव बरोबर वाटतं, कारण त्यात कुणाच्या गावाची बदनामी नाही.

भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. पाणी फडक्याने गाळणं, बारवांच्या पायऱ्या बंद करून त्यांच्या आडविहिरी करणं, हातपंप बसवणं, पाण्यातले ते किडे मारायला औषध टाकणं, आणि घरोघर जाऊन 'पाय पाण्यात घालू नका' असं पुन्हा पुन्हा सांगणं. एवढ्यावर तो गेला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात लाखो रुग्ण होते. २०२३ साली माणसांतले रुग्ण जगभरात अवघे १४ राहिले होते. आमच्या बारवेच्या पायऱ्या ज्या वर्षी कठडा बांधून बंद झाल्या तेव्हा आजोबा नव्हते. त्यांना ते पाहायला मिळायला हवं होतं.

माझा भाचा काजूच्या व्यापारानिमित्त आफ्रिकेत बिसाऊला गेला आहे. आमच्या इथल्या कारखान्यांत 'बिसाऊ' नावाची बी येते, ती तिथलीच का? आणि त्याला दिवाळीचा फराळ पाठवायचा तर पत्ता कसा लिहू?
– एक मावशी, वेंगुर्ला

मावशी, ती बी तिथलीच. गिनी-बिसाऊचं जवळजवळ सगळं निर्यातीचं उत्पन्न कच्च्या काजूबीवर आहे, आणि तिचं फार मोठं गिऱ्हाईक भारत. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्याला आणला, आणि त्यांनीच आफ्रिकेला नेला. तुमचा भाचा तिथल्या बाजारात 'काजू' म्हणाला तरी लोकांना कळेल, कारण तिथल्या क्रिओल भाषेतही शब्द हाच आहे. बोंडूचं ते मद्यही करतात. तुमच्याकडचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा तिथे बी गोळा करायची धांदल असते.

आणखी एक धागा आहे. पोर्तुगालच्या राजाच्या बिरुदावलीत 'गिनीचा स्वामी' हे आधी यायचं आणि हिंदुस्थान नंतर. गोव्यावर ज्यांचं राज्य होतं त्यांचंच बिसाऊवर. गोवा १९६१ साली मुक्त झाला. बिसाऊच्या लोकांना १९६३ पासून दहा-अकरा वर्षं जंगलात लढावं लागलं. त्यांचे नेते अमिलकार काब्राल हे शेतीशास्त्रज्ञ होते. त्यांनी लढ्याआधी गावोगाव फिरून शेतीची मोजणी केली होती, त्यामुळे कुठल्या समाजाचं काय पीक आणि काय दुखणं हे त्यांना पाठ होतं. २० जानेवारी १९७३ ला शेजारच्या गिनीत, कोनाक्री शहरात, त्यांचा खून झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने ते मान्य केलं १० सप्टेंबर १९७४ ला, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. त्याच नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तुमच्या वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचा प्रश्न आणि तुमच्या भाच्याच्या गावाचा प्रश्न एकाच वर्षी, एकाच घरातून सुटले.

शेजारी आधीच एक गिनी होती, म्हणून या देशाने राजधानीचं नाव मागे जोडलं. आपण पिंपळगावाला बसवंत जोडतो तसंच.

आता पत्ता. भाच्याचं नाव, मग तो राहतो ती जागा आणि रस्ता, फोन नंबर. त्याखाली शहर: बिसाऊ. त्याखाली देश: गिनी-बिसाऊ. दोन्ही ठिकाणी बिसाऊ लिहाच, पुनरुक्ती वाटली तरी. शेवटी 'पश्चिम आफ्रिका' लिहा आणि त्याखाली रेघ ओढा. हे सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवं. कुणाकडून लिहवून घेणार असाल तर भाच्याने पाठवलेला पत्ता समोर ठेवून, अक्षर न् अक्षर तसंच उतरवायला सांगा. नकाशात बघून कुणी काही दुरुस्त करू लागलं तर करू देऊ नका. फराळात चकलीपेक्षा शंकरपाळे टिकतात. आणि आत एक चिठ्ठी ठेवा, घरातल्या सगळ्यांची खुशाली लिहून.